वाढत्या अंगाचं खोगीर

पत्र असं आहे: "मावशी, एप्रिलमध्ये मुंबईचा रेसिंग सीझन संपला तेव्हा मी एक ५ वर्षांची थरोब्रेड, म्हणजे रेसच्या जातीची, घोडी घेतली. नाव बिजली. आली तेव्हा बरगड्या मोजता येत होत्या, म्हणून ओळखीतून एक नॅरो, म्हणजे अरुंद मापाचं, सॅडल घेतलं. पावसाळ्यात इथल्या माळावर चरून ती अशी सुटली की ते सॅडल पाठीवर टेकेचना, सप्टेंबरात मीडियम घेतलं. दिवाळीत खुरात पू झाला, सहा आठवडे उभीच होती, आता विदर्सच्या, म्हणजे मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या, मागे दोन्हीकडे खड्डे पडलेत, मीडियम पुढून खाली बसतं, आणि पोट मात्र तसंच आहे. सॅडलचा पोटाखालचा पट्टा, तंग, आवळला की चावायला येते. सॅडल सारखं उजवीकडे सरकतं. क्लबमधली मैत्रीण म्हणते सॅडलखाली जाड जेल पॅड घाल, सगळं अ‍ॅडजस्ट होतं. नवरा म्हणतो घोडीपेक्षा खोगिरांनाच जास्त पैसे गेले. कायम बसेल असं एकच सॅडल सांगा, शेवटचं घेते. – वैतागलेली, तळेगाव"

अगं वैतागलेली, कायम बसेल असं सॅडल नसतं. हे पहिलंच सांगून टाकते म्हणजे तू इंटरनेटवर रात्री दोन वाजता शोधत बसायची थांबशील. आणि नवऱ्याला सांग की चूक खोगिरांची नाहीये, तुम्ही दोघांनी दर वेळी घोडीचा फोटो काढल्यासारखं त्या दिवशीच्या मापाचं सॅडल घेतलंत, आणि घोडी काही फोटोत थांबत नाही.

आमच्या लहानपणी शाळेचा युनिफॉर्म घेताना आई दुकानदाराला एकच सांगायची, "वाढत्या अंगाचा द्या." जूनमध्ये तो फ्रॉक खांद्यावरून ओघळायचा, खालची पट्टी चार बोटं आत दुमडलेली असायची, आणि पुढच्या जूनपर्यंत ती पट्टी उसवत उसवत फ्रॉक अंगाला बरोब्बर यायचा. ब्लाउज शिवताना शिंपी आत मार्जिन ठेवतो तेही त्यासाठीच. आता उलटं करून बघ, आधीच घट्ट झालेल्या ब्लाउजच्या आत स्वेटर घातला तर तो सैल होईल का? तुझ्या मैत्रिणीचं जेल पॅड म्हणजे तोच स्वेटर आहे. रुंद खोगिरात भर घालून ते अरुंद करता येतं, पण अरुंद खोगिरात काहीही घाल ते अजून अरुंदच होणार. ही एक गोष्ट डोक्यात बसली की बाकीचं सगळं त्यातूनच निघतं.

पण सॅडलच्या आधी दोन गोष्टी, त्या ऐकल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.

सॅडल सारखं एकाच बाजूला सरकतं हे वाचून मी जरा थबकले. लोक लगेच म्हणतात सॅडल वाकडं आहे, नाहीतर बसणारी वाकडी बसते, आणि कधीकधी तसं असतंही, घोड्याचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा भरलेला असतो त्यानेही सरकतं. पण मागच्या पायाची बारीक लंगड, जी चालताना डोळ्याला दिसतसुद्धा नाही, त्यामुळे खोगीर सरकणं हे खूपदा होतं, आणि बरेचदा ज्या पायाला त्रास त्याच बाजूला सरकतं. तुझी घोडी नुकतीच खुराच्या दुखण्यातून उठलीये, पू पुढच्या पायात झाला की मागच्या ते तू लिहिलं नाहीस, पण कुठेही झाला असला तरी सहा आठवडे तिने वजन दुसऱ्या पायांवर टाकलेलं आहे. तेव्हा आधी घोड्यांचा चांगला डॉक्टर बोलाव, त्याला कडक जमिनीवर तिला ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीने, चालवून दाखव, सरळ आणि गोलात दोन्ही बाजूंनी, आणि सॅडल सरकतं हे स्वतःहून सांग कारण तो विचारेलच असं नाही.

दुसरं तंगाला चावणं. रेसमधून आलेल्या घोड्यांमध्ये पोटातले अल्सर इतके कॉमन असतात की मी तर तंगाला चावणारी थरोब्रेड दिसली की आधी पोट आणि मग पाठ असाच क्रम लावते. घोड्याच्या पोटात अ‍ॅसिड चोवीस तास गळत असतं, आपल्यासारखं खाल्लं की सुटतं असं नाही, आणि रेसच्या तबेल्यात दाणा भरपूर आणि गवत कमी, मधले तासन्‌तास पोट रिकामं. त्यामुळे डॉक्टरला हेही विचार, आणि तोपर्यंत समोर सतत सुकं गवत राहील असं कर, खोगीर चढवायच्या आधी मूठ-दोन मूठ लसूणघास (ल्यूसर्नचा चारा) खायला दे, त्याने अ‍ॅसिड जरा निवतं. पाठीच्या मणक्यांची टोकं एकमेकांना घासायचा प्रकारही थरोब्रेडमध्ये बराच दिसतो, तो एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही, डॉक्टरला शंका आली तर काढून घे, पैशाकडे बघू नकोस. म्हणजे बघ, पण या बाबतीत नको. हे सगळं होईपर्यंत घोडीवर बसायचं नाही. पाठीला खड्डे पडलेत, तंगाला चावते, खोगीर सरकतं, एवढं सांगून झाल्यावरही तिने अजून काय बोलायचं?

आता अंगाचं. तू लिहिलंस "सुटली" आणि मग "खड्डे पडलेत", पण तिचं जे बदललंय ते एक नाही, तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीचा खोगिराशी हिशोब वेगळा. एक चरबी, ती खांद्याच्या मागे, बरगड्यांवर, मानेच्या वरच्या काठावर आणि शेपटीच्या मुळाशी साठते, ती आली की पाठ रुंद आणि गोल होते आणि खोगीर बॅरलवर ठेवल्यासारखं गरगर फिरतं. दुसरं पोट. गवताचं पोट म्हणजे चरबी नाही, आतल्या चाऱ्याचा पसारा आहे तो, त्याने पाठ रुंद होतेच असं नाही पण तंगाची जागा बिघडते. तंग नेहमी छातीच्या सगळ्यात अरुंद जागी जाऊन बसतो, पोट मोठं असलं की पोट त्याला पुढे ढकलतं, तंग पुढे गेला की खोगिराला खांद्यावर ओढतो, आणि सॅडल पुढे येतं. तिसरे स्नायू. विदर्सच्या मागे दोन्ही बाजूंना आणि मणक्याच्या कडेने जे मांस असतं ते काम बंद झालं की झपाट्याने उतरतं, आणि घट्ट खोगिराने दाबलं तरीही उतरतं. म्हणून घोडी एकाच वेळी पोटाने जाड आणि पाठीने वाळलेली असू शकते, तुझी आत्ता तशीच आहे. वजनकाट्याला हे कळत नाही. डोळ्याला पण रोज बघून कळत नाही, सासूला सून बारीक झालेली कळत नाही तसं.

शिवाय ती ५ वर्षांची आहे. घोड्याच्या मणक्यांची वाढ सगळ्यात शेवटी पुरी होते, पाच-सहा वर्षांपर्यंत चालूच असते, आणि हिने आत्तापर्यंत पाठीवर काय वागवलं, तर रेसचं सॅडल, जे हातात घेतलं तर चपलेएवढं लागतं आणि जॉकी त्यावर बसतही नाही, रिकिबींवर उभा असतो. बसलेल्या माणसाचं वजन पेलायचे स्नायू तिला कधी लागलेच नाहीत. त्यामुळे पुढची निदान दोन वर्षं तिचा आकार बदलणार, चांगल्या अर्थाने बदलणार, आणि त्यानंतरही दर पावसाळ्यात थोडा बदलेलच. हे गृहीत धरून चाल.

माप घ्यायला शीक. हे मी सगळ्यांना सांगते आणि कोणी करत नाही, पण तू तिसरं सॅडल घेण्याच्या बेतात आहेस म्हणजे तू करशील. इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं सामान मिळतं तिथे फ्लेक्सिबल कर्व्ह मिळतो, रबरी पट्टी असते, वाकवली की तशीच राहते, पुण्यात अप्पा बळवंत चौकात चक्कर मारलीस तर मिळून जाईल. नाही मिळाला तर इलेक्ट्रिशियनकडून जाड वायरचा हातभर तुकडा घे, चालतो. घोडीला सपाट जागी चारही पायांवर नीट उभी कर, मान सरळ, घोडी सांभाळणाऱ्या साईसला समोर उभं कर पण गाजर दाखवू नको म्हणावं. खांद्याचा फरा, म्हणजे खांद्याचं रुंद सपाट हाड, हाताने चाचपून त्याची मागची कड शोध, तिच्या मागे दोन बोटं सोडून ती पट्टी विदर्सवरून आडवी टाकून दोन्हीकडे दाबून बसव, अलगद उचल आणि चार्टपेपरवर गिरव. मग तिथून वीतभर मागे एक. मग शेवटच्या बरगडीपाशी एक. आणि एक लांबीला, विदर्सपासून मागे मणक्याच्या कडेने. डावं-उजवं लिहायला विसरू नकोस, तारीख टाक. पहिलं माप जाड पुठ्ठ्यावर कापून ठेव, सॅडल बघायला जाशील तेव्हा तो पुठ्ठा बॅगेत असू दे, घोडी काही दुकानात नेता येत नाही. महिन्याने परत सगळं काढ आणि जुन्या कागदावर वेगळ्या रंगाने गिरव. दोन-तीन महिन्यांत तुला तिच्या पाठीचा असा नकाशा मिळेल की सॅडल मापून बसवणारा फिटर सुद्धा तुझ्याकडून शिकेल.

वजनाचाही अंदाज काढून ठेव, टेलरची टेप पुरते. तंगाच्या जागी छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घे, त्याचा वर्ग कर, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुण आणि ११,८८० ने भाग, किलोत वजन येतं. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर ४३६ किलोच्या आसपास. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांच्या वर नको असा ढोबळ नियम आहे, पण तो धडधाकट पाठीचा, बिजलीसारख्या पाठीला मी १५ च्या पुढे जाणार नाही, म्हणजे या उदाहरणात सगळं मिळून ६५ किलो. तू किती आहेस ते मी विचारत नाही. आणि १ ते ९ चा बॉडी कंडिशन स्कोअर असतो, हेनेके नावाच्या माणसाने १९८३ मध्ये टेक्सासमध्ये केलेला, हाताने बरगड्या, खांदा, शेपटीचं मूळ चाचपून नंबर द्यायचा, ५ म्हणजे छान. पण लक्षात ठेव तो चरबी मोजतो, स्नायू नाही. बिजलीला त्यावर कदाचित ५ मिळतील आणि पाठ तरी रिकामीच असेल.

आता खोगीर ठेवून बघायचं कसं. पॅड, नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड), काही न घालता उघड्या पाठीवर ठेव. जरा पुढे ठेवून मागे सरकवत आण, ते स्वतःहून एका जागी अडकतं, तीच त्याची जागा, तुझ्या आवडीची जागा नाही. फऱ्याच्या मागे असलं पाहिजे कारण घोडा पाय पुढे टाकतो तेव्हा फऱ्याचं वरचं टोक मागे येतं, तिथे खोगिराचा सांगाडा असला की प्रत्येक पावलाला ठोसा. मागे शेवटच्या बरगडीच्या पलीकडे जायला नको, घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात, शेवटची बरगडी खालून चाचपत वर मणक्यापर्यंत ये आणि तिथे खडूने रेघ मार, त्या रेघेच्या मागे वजन पेलायला खाली आधार नाही. पुढच्या कमानीखाली विदर्सवर दोन-तीन बोटं जागा, फक्त वर नाही, बाजूंनाही. मागून वाकून बघ, खोगिराच्या दोन गाद्यांमधल्या बोगद्यातून पलीकडचा उजेड दिसला पाहिजे आणि बोगदा तीन-चार बोटं रुंद हवा, मणक्याला गादी टेकता कामा नये. मग तळहात सपाट ठेवून गादीखालून पुढून मागे सरकव, दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. पुढे-मागे घट्ट आणि मध्ये हात मोकळा फिरला तर खोगीर पुलासारखं उभं आहे, तुझं सगळं वजन चार कोपऱ्यांवर. मधेच घट्ट आणि पुढे-मागे डुलत असेल तर झोपाळा. दोन्ही नकोत.

हे सगळं झाल्यावर तंग आवळून परत, आणि कोणीतरी वर बसल्यावर परत बघायचं, कारण रिकाम्या खोगिराखालची तीन बोटं माणूस बसला की एक होते. आणि वीस मिनिटं काम झाल्यावर अजून एकदा, घोड्याची पाठ कामाने गरम झाली की थोडी रुंदावते. काढल्यावर घामाकडे बघ. सगळीकडे ओलं आणि मध्येच रुपयाएवढा कोरडा डाग म्हणजे तिथे बहुतेक दाब इतका होता की घामच आला नाही. पण एकट्या घामावर विश्वास ठेवू नकोस, जिथे खोगीर टेकतच नाही तिथेही कोरडं राहू शकतं, म्हणून केस उलटे झालेत का, दुसऱ्या दिवशी बोटाने दाबलं तर पाठ चोरते का, हे पण बघ.

माझी फजिती सांगते. बरीच वर्षं झाली, मी सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या बाजारातून एक मारवाडी घोडा आणला होता. तापीकाठचा तो बाजार बघण्यासारखा असतो, म्हातारे लोक देवमण नावाचा शुभ भोवरा कुठेय, अंगावरचे बाकीचे भोवरे शुभ की अशुभ, यावर तासभर वाद घालतात आणि पाठीवरून कोणी हात फिरवत नाही. मीही फिरवला नाही. घरी आणून महिनाभरात त्याच्या मापाचं, अगदी त्वचेसारखं बसणारं चामड्याचं खोगीर करून घेतलं, कारागिराने विचारलं होतं की बाई थोडी ढील ठेवू का, तर मी म्हटलं छे, फिट पाहिजे. फिट होतं. आषाढापर्यंत. मग हिरवं गवत सुरू झालं, घोडा भरला, आणि मी महिना दीड महिना तेच वापरत राहिले कारण पैसे घातले होते ना. श्रावण संपता संपता विदर्सच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके उगवले. दाबाने कातडीतला केसांचा रंग मेला की तिथे पांढरेच केस येतात, ते परत काळे होत नाहीत. तो गेला तेव्हाही ते ठिपके होते. लोक विचारायचे ही त्याची जन्मखूण का, मी हो म्हणायचे.

तर आता कुठलं घ्यायचं. मी तुझ्या जागी असते तर सिंथेटिक, ज्यात पुढच्या कमानीची पट्टी बदलता येते असं घेतलं असतं. विन्टेकसारख्या कंपन्यांची तशी सॅडलं येतात, स्क्रू काढून आतली लोखंडी पट्टी बदलायची, नॅरो मीडियम वाईड अशा वेगवेगळ्या रंगांच्या पट्ट्या, घरच्या घरी काम होतं. विदर्स उंच आहे म्हणजे पुढची कमान उंच किंवा मागे कापलेली असलेलं मॉडेल बघ. पण पट्टी बदलली म्हणजे सगळं बदललं असं नाही हं, पट्टी फक्त पुढचा कोन बदलते, पाठीच्या लांबीचा बाक आणि बोगद्याची रुंदी तीच राहते, त्यामुळे तो पुठ्ठा घेऊन बघायचंच. चामड्याचं वाईट नाही, कानपूरची खोगिरं जगभर जातात आणि कारागिरी उत्तम असते, पण आपल्याकडच्या पावसात दोन दिवस दुर्लक्ष झालं की हिरवी बुरशी, आणि तुला तर पुढची दोन वर्षं प्रयोगच करायचेत. बिनसांगाड्याची, ट्रीलेस म्हणतात ती, काही घोड्यांना मानवतात, पण उंच विदर्स आणि उतरलेली पाठ असलेल्या घोडीला मणका मोकळा ठेवणारं कोण, म्हणून मी आत्ता सुचवणार नाही.

माप आत्ताच्या खड्ड्यांचं घ्यायचं नाही, हे नीट ऐक. खड्ड्यात चपखल बसेल असं नॅरो घेतलंस तर ते सुरुवातीला सुंदर बसेल आणि मग तिचे स्नायू कधी भरणारच नाहीत, कारण भरायला जागाच ठेवली नाहीस. ती चांगली, कामात असताना जशी होईल त्या मापाचं घ्यायचं आणि आत्ताचा खड्डा भरून काढायचा. कशाने, तर ज्या पॅडला खिसे असतात त्यात नमद्याच्या चकत्या घालून. तुझं खोगीर पुढून खाली बसतंय म्हणून चकत्या पुढच्या खिशांत, दोन्हीकडे, एका बाजूला खड्डा जास्त असेल तर तिथे एक थर जास्त. चकतीच्या कडा कात्रीने तिरक्या कापून पातळ कर, सरळ कापलेली कड पाठीला रुतते. महिन्याच्या मापात खड्डा भरलेला दिसला की एक थर काढ. म्हणजेच फ्रॉकची पट्टी उसवायची. आणि एवढं रुंद घेऊ नकोस की तीन चकत्या घालूनही विदर्सवर आदळेल, वाढत्या अंगाचं म्हणजे थोरल्या भावाचा शर्ट नव्हे.

हे काही मॉडर्न नाही. ब्रिटिश काळातल्या घोडदळाच्या खोगिराखाली लोकरीचं ब्लँकेट घडी घालून असायचं, मोहिमेवर घोडे वाळत जायचे, मग घडी बदलायची, जिथे खड्डा तिथे एक पदर जास्त. रात्री स्वार तेच अंगावर घ्यायचा. आपल्याकडे बारगीर सरकारी घोड्यावर बसायचा आणि शिलेदार स्वतःच्या, शिलेदाराचा घोडा पाठीने गेला की नुकसान त्याच्या घरचं, त्यामुळे पाठ जपणं त्याला कोणी शिकवायला लागत नसणार. तू शिलेदार आहेस बाई.

भरणाचं एक राहिलं. लोकर भरलेल्या गाद्या असतील तर ती लोकर बसते, गोळे होतात, नव्या खोगिरात दोन-तीन महिन्यांतच बसते, त्यामुळे वर्षातून दोनदा तपासून घ्यायची. हे काम खोगिरातलं कळणाऱ्या माणसाकडूनच. मराठीत खोगीरभरती हा शब्द उगाच आलेला नाही, मी गाद्या उसवल्यावर आत जुन्या साडीचे तुकडे, पोत्याचं सुतळ, एकदा तर चक्क फोमच्या चपलेचे तुकडे निघालेले बघितलेत, आणि वरून पॉलिश असं की तोंड दिसेल.

सॅडल येईपर्यंतचे दोन-अडीच महिने वाया जाणार नाहीत. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, तिन्हीचं उत्तर एकच, फिरवलं नाही म्हणून. डॉक्टरने पाय ठीक म्हटल्यावर तिला हाताने फिरव, रोज अर्धा तास, हळूहळू वाढवत, आणि तुझ्याकडे टेकड्यांना तोटा नाही, चढावर चालवलं की मागचे पाय पोटाखाली येतात आणि पाठ उचलली जाते. जमिनीवर बांबू टाकून त्यावरून चालव. आणि गाजर. गाजर तिच्या नाकासमोरून खाली छातीपर्यंत, मग पुढच्या पायांच्या मध्ये, मग डाव्या कुशीपर्यंत, उजव्या कुशीपर्यंत ने, पाय न हलवता तिने मान वळवून दोन-चार सेकंद धरली पाहिजे, मग दे. प्रत्येक दिशेला ५ वेळा, आठवड्यातून ५ दिवस, ३ महिने. हास्यास्पद वाटतं पण एवढ्यानेच मणक्याला लागून असलेले बारीक स्नायू जाड होतात हे सोनोग्राफी करून तपासलेलं आहे. साईसला करायला लावू नकोस, तो गाजर आधीच देऊन टाकतो, सगळे देतात. आणि पुढच्या पावसाळ्यात तिला दिवसभर माळावर मोकळी सोडायच्या आधी विचार कर, थोडे तास सोड, बाकी सुकं गवत.

नॅरो विकून टाक, ते तिला परत कधीच लागणार नाही, लागलं तर समज काहीतरी चुकलंय. मीडियम विकू नकोस अजून, आधी वर सांगितलं तसं उघड्या पाठीवर ठेवून बघ, बोगदा आणि पाठीचा बाक जुळत असेल तर पुढच्या चकत्यांवरच ते वसंतापर्यंत चालून जाईल आणि नवीन घ्यायची घाई करायचं कारण नाही, नवऱ्यालाही बरं वाटेल. नसेल जुळत तर दोन्ही विकून ते एकच बदलत्या पट्टीचं घे. पुढे येणाऱ्या तंगासाठी मध्ये वळण दिलेला तंग मिळतो, कोपराला जागा सोडणारा, तो बघ, स्वस्तात काम होतं.

पहिल्या दोन महिन्यांचे कागद मला पाठव, डावं-उजवं लिहून. आणि ते जेल पॅड अजून घेतलं नसशील तर घेऊ नकोस, घेतलं असशील तर मैत्रिणीला दे, तिच्या घोड्याचं सॅडल कसं बसतंय ते पण एकदा हात घालून बघ.